ध्येये सगळ्यांची, पैसा कुणाचा?

जगाने २०१५ साली स्वतःपुढे ठेवलेल्या सतरा शाश्वत विकास ध्येयांची मुदत २०३०मध्ये संपते. पुढे काय, याचा विचार सप्टेंबर २०२७मध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या वतीने भरणाऱ्या बैठकीत व्हावा, असे २०२४च्या ‘भविष्यासाठीच्या करारा’त ठरले आहे. म्हणजे नव्या यादीची मांडणी दूर नाही. त्या वेळी भारताने काय मागायचे?

हा प्रश्न परराष्ट्र खात्याचा, आपला कशाला, असे कुणाला वाटेल. त्यांनी आपल्या ग्रामपंचायतीचा विकास आराखडा उघडून पाहावा. ‘बालस्नेही गाव’, ‘जलसमृद्ध गाव’, ‘स्वच्छ आणि हरित गाव’, ‘सुशासनयुक्त गाव’ हे शब्द तिथे दिसतात. केंद्राच्या पंचायतराज मंत्रालयाने जगाची सतरा ध्येये नऊ संकल्पनांत बसवली आणि गावाचा आराखडा त्यांच्या आधारे करायला सांगितले. न्यूयॉर्कमध्ये वाटाघाटींत ठरलेले मुद्दे ग्रामसभेपुढच्या कागदावर यायला सहा-सात वर्षे लागली, पण ते आले. पुढच्या यादीचेही तेच होईल. म्हणून ती कशी ठरते आणि तिच्यात आपले काय असते, हे समजून घेणे भाग आहे.

भारताची या विषयातली भूमिका जुनी आहे. १९७२मध्ये स्टॉकहोमला पर्यावरणावरची पहिली मोठी जागतिक परिषद झाली. यजमान स्वीडनचे ओलोफ पाल्मे सोडले तर तिथे गेलेल्या एकमेव पंतप्रधान इंदिरा गांधी होत्या. गरिबी हटल्याशिवाय पर्यावरण राखता येणार नाही आणि श्रीमंत देशांनी स्वतःच्या भरभराटीत जे ओरबाडले त्याचा हिशेब गरिबांकडून मागता येणार नाही, असे त्यांनी तिथे मांडले. वीस वर्षांनी रिओ परिषदेच्या जाहीरनाम्यात तेच तत्त्व सातव्या कलमात आले: पृथ्वी राखण्याची जबाबदारी सर्वांची, पण सर्वांची सारखी नाही. ज्याने जास्त बिघडवले आणि ज्याच्याकडे जास्त आहे, त्याने जास्त उचलावे. त्यानंतर भारताचा कुठलाही प्रतिनिधी कुठल्याही बैठकीत गेला, तरी त्याच्या हातात हे कलम असतेच.

२०००च्या सहस्रक विकास ध्येयांपर्यंत गरीब देशांना यादी लिहायलाच कुणी बोलावले नव्हते. ती आठ ध्येये प्रामुख्याने संयुक्त राष्ट्रांच्या अधिकाऱ्यांनी तयार केली. घाई अशी, की पर्यावरणाचे ध्येय घालायचे जवळजवळ राहूनच गेले होते, असे त्या कामातले एक प्रमुख, मार्क मॅलॉक ब्राउन यांनी पुढे सांगितले आहे. त्या यादीत गरीब देशांनी काय करावे हे मोजून-मापून लिहिले होते. श्रीमंत देशांचे आठवे ध्येय मात्र मोघम राहिले.

२०१२च्या दुसऱ्या रिओ परिषदेत हे बदलले. नव्या ध्येयांची कल्पना मांडली ती कोलंबियाने. यादी लिहिण्याचे काम सरकारांच्या प्रतिनिधींचा एक गट करील, असे ठरले. जागा तीस आणि येऊ इच्छिणारे देश सत्तर, म्हणून दोघा-तिघांनी मिळून एक खुर्ची घ्यायची पद्धत पडली. भारताच्या खुर्चीचे भागीदार होते पाकिस्तान आणि श्रीलंका. मार्च २०१३ ते जुलै २०१४ या काळात गटाच्या तेरा बैठका झाल्या आणि सतरा ध्येये, १६९ लक्ष्ये अशी यादी तयार झाली.

त्या वाटाघाटींत भारताने काय धरून ठेवले, ते पाहिले की देशाचे अग्रक्रम कळतात. गरिबी निर्मूलन सर्वांत वर हवे, हा पहिला आग्रह. तापमानवाढीची चर्चा तिच्यासाठी असलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान करारातच व्हावी, इथे समांतर दुकान नको, हा दुसरा. म्हणूनच तेराव्या ध्येयाखाली त्या कराराचे अग्रस्थान मान्य करणारी टीप आहे. उपभोग आणि उत्पादनाच्या सवयी बदलण्याची सुरुवात श्रीमंतांनी करावी, हा तिसरा. बाराव्या ध्येयाच्या पहिल्याच लक्ष्यात विकसित देशांनी पुढाकार घ्यावा असे लिहिले गेले. शांतता आणि सुशासनाच्या सोळाव्या ध्येयाबद्दल आपण साशंक होतो. विकासाच्या नावाखाली दुसऱ्याच्या घरात डोकावायची सोय होईल, ही भीती त्यामागे होती. मला ती भीती तेव्हाही अर्धीच पटली. पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवली जाणे, सात-बारावर नाव लागणे, न्यायालयात तारीख मिळणे हे गरिबाच्या विकासाचेच प्रश्न आहेत आणि ते आपणच आवर्जून मांडायला हवे होते.

सगळ्यात मोठी झुंज मात्र ध्येयांच्या यादीवर झाली नाही. ती झाली पैशावर, जुलै २०१५मध्ये अदिस अबाबाला.

विकासासाठी पैसा कुठून आणायचा, हा तिथला विषय. श्रीमंत देशांनी राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के मदत द्यावी, असा ठराव १९७०चा आहे. तो कागदावर आहे, प्रत्यक्षात बहुतेकांनी कधीच पाळलेला नाही. २०२४मध्ये या देशांची सरासरी होती ०.३३ टक्के. हे ओळखूनच भारत आणि इतर विकसनशील देश अदिस अबाबाला वेगळी मागणी घेऊन गेले: मदत द्या अगर देऊ नका, निदान आमच्या हक्काचा कर आम्हाला गोळा करता येईल असे नियम करा.

ही मागणी नीट समजून घेण्यासारखी आहे. बहुराष्ट्रीय कंपन्यांवर कुणी किती कर लावायचा याचे नियम ज्या संस्थेत ठरतात, ती आर्थिक सहकार्य आणि विकास संघटना म्हणजे आज ३८, मुख्यतः श्रीमंत, देशांचा गट. भारत तिचा सदस्य नाही. संयुक्त राष्ट्रांत करविषयक समिती आहे, पण ती तज्ज्ञांची, सल्ला देणारी. तिला सरकारांच्या प्रतिनिधींची, निर्णय घेणारी समिती करा, एवढेच मागणे होते. त्यामागचा अनुभव मुंबईतलाच आहे. २००७मध्ये व्होडाफोनच्या एका डच कंपनीने केमन बेटांवरची एक कंपनी सुमारे ११ अब्ज डॉलरना विकत घेतली. मालकीच्या साखळीचे शेवटचे टोक होते मुंबईची मोबाइल कंपनी. ग्राहक इथले, टॉवर इथले, परवाने इथले, व्यवहार मात्र बाहेरच्या बाहेर. आयकर खात्याने कर मागितला. मुंबई उच्च न्यायालयाने २०१०मध्ये खात्याचे म्हणणे मान्य केले, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२मध्ये ते फेटाळले. सरकारने मग मागच्या तारखेपासून लागू होणारा कायदा केला, आंतरराष्ट्रीय लवादात हार पत्करली आणि २०२१मध्ये ती तरतूद गुंडाळली. मागच्या तारखेचा कायदा करणे चुकीचेच होते. पण नियम दुसऱ्याचे असले की आपल्या देशात कमावलेल्या पैशावरचा कर कसा निसटतो, हे त्या प्रकरणाने दाखवले.

अदिस अबाबाला अमेरिका, ब्रिटन आणि इतर श्रीमंत देश हलले नाहीत. समिती तज्ज्ञांचीच राहिली, फक्त तिच्या बैठका वर्षातून एकीऐवजी दोन झाल्या. बदल्यात तंत्रज्ञान गरीब देशांपर्यंत पोचवण्याची यंत्रणा मान्य झाली. तिच्यासाठी भारत आणि ब्राझीलसारख्या देशांनी बराच जोर लावला होता, पण तिला स्वतःचा मोठा निधी कधी मिळाला नाही. दोन महिन्यांनी, २५ सप्टेंबर २०१५ला, सतरा ध्येये एकमताने मंजूर झाली. पैशाचा प्रश्न तसाच राहिला.

त्याचे परिणाम समोर आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४च्या अहवालानुसार जेमतेम १७ टक्के लक्ष्ये ठरल्या वाटेवर होती. विकसनशील देशांना दरवर्षी सुमारे चार लाख कोटी डॉलर कमी पडतात, असा त्यांचाच हिशेब आहे. नोव्हेंबर २०२४मध्ये बाकूच्या हवामान परिषदेत श्रीमंत देशांनी २०३५पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलरचा आकडा पुढे केला. ठराव मंजूर झाल्याचे जाहीर होताच भारताच्या प्रतिनिधीने उठून कडक शब्दांत हरकत घेतली. २०२५मध्ये अमेरिकेने ही ध्येये आपल्याला मान्य नाहीत असे आमसभेत सांगितले आणि जुलैमध्ये आपली मदत संस्था ‘यूएसएड’ बंद केली. पुढची यादी या वातावरणात लिहिली जाणार आहे.

एक मोठी गोष्ट मात्र पुढे सरकली आहे. अदिस अबाबाला अडलेला करांचा प्रश्न आफ्रिकी देशांनी पुन्हा उचलला. नोव्हेंबर २०२३मध्ये संयुक्त राष्ट्रांतच जागतिक कर करार करण्याचा ठराव १२५ विरुद्ध ४८ मतांनी मंजूर झाला आणि भारताने बाजूने मत दिले. त्या कराराचा मसुदाही २०२७च्या अखेरीस आमसभेपुढे यायचा आहे. दोन्ही वाटाघाटी एकाच हंगामात येत आहेत आणि भारताने त्या एकत्र बांधल्या पाहिजेत. कराच्या नियमांवर शब्द दिल्याशिवाय नव्या ध्येयांच्या यादीवर आमची सही नाही, एवढे ठामपणे सांगण्याची वेळ आली आहे. डिजिटल जाहिरातींवरची आपली सहा टक्के आकारणी एप्रिल २०२५पासून मागे घेतली गेली. एकट्या देशाला असा कर टिकवणे किती अवघड असते, हे त्यातून दिसले. सगळ्यांनी मिळून केलेला नियमच टिकेल.

इथवर मी जे लिहिले त्यावर आपल्या देशात फारसे दुमत नाही. दुमत पुढच्या गोष्टीवर होईल, पण ती बोलायलाच हवी.

ध्येय एकाने ठरवायचे आणि ओझे दुसऱ्याने वाहायचे, याला आपण न्यूयॉर्कमध्ये पन्नास वर्षे अन्याय म्हणत आलो. तेच आपण आपल्या गावांशी करतो. नऊ संकल्पना वरून आल्या. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळातल्या अनुदानात ६० टक्के निधी बंधित होता: पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्च करायचा. उरलेला ४० टक्के अबंधित होता. पाणी आणि स्वच्छता महत्त्वाचीच, त्याबद्दल वाद नाही. पण जिथे नळ झाले आहेत आणि अंगणवाडीचे छत गळते आहे, त्या गावाने काय करायचे? बालस्नेही गावाचा संकल्प करायचा, आणि पैसा मात्र गटारावर. महाराष्ट्रातल्या बहुतेक जिल्हा परिषदांच्या तर २०२२पासून कित्येक वर्षे निवडणुकाच झाल्या नाहीत आणि प्रशासक कारभार पाहत राहिले. ज्यांना कुणी निवडून दिले नाही, त्यांनी गावांच्या आराखड्यांची जुळणी केली.

आकडे काय सांगतात पाहा. नीती आयोगाच्या शाश्वत विकास निर्देशांकात देशाचे गुण २०१८मध्ये ५७ होते, २०२३-२४मध्ये ७१ झाले. केरळ आणि उत्तराखंड ७९वर, बिहार ५७वर. ही प्रगती खरी आहे आणि तिचे श्रेय द्यायला हवे. पण त्याच देशात २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालची ३५.५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता आणि हे प्रमाण आधीच्या पाहणीतल्या ५३ टक्क्यांहून वाढले होते. महाराष्ट्रात खुज्या मुलांचे प्रमाण ३४.४वरून ३५.२ टक्क्यांवर गेले. श्रीमंत म्हणवणाऱ्या राज्याची ही स्थिती. एकूण गुण वाढतात तेव्हा हे आकडे सरासरीच्या पोटात लपतात. नव्या यादीसाठी भारताने धरायचा आणखी एक आग्रह इथून निघतो: ध्येय गाठले की नाही, हे देशाच्या सरासरीवर न ठरवता सर्वांत मागे राहिलेल्या जिल्ह्यावर ठरवा. नंदुरबार, गडचिरोली यांच्या आकड्यावर महाराष्ट्राचा निकाल लागू द्या.

त्यासाठी मोजणी हवी. आपली शेवटची जनगणना २०११ची, पुढची १ मार्च २०२७च्या संदर्भ तारखेची. मधली सोळा वर्षे रेशनपासून अनुदानापर्यंत सगळे हिशेब जुन्या लोकसंख्येवर किंवा अंदाजावर चालले. जगापुढे कुणी किती जबाबदारी उचलावी याचा हिशेब मागणाऱ्या देशाला आपली माणसे वेळेवर मोजता यायलाच हवीत.

म्हणून भारताचे अग्रक्रम माझ्या मते असे असावेत. कराचा हक्क सगळ्यांच्या आधी. त्याच्याबरोबर ऊर्जा आणि औषधांचे तंत्रज्ञान परवडेल अशा अटींवर. उपभोगाची मर्यादा दरडोई मोजावी, कारण भारतीय माणसामागे वर्षाला सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड आणि अमेरिकी माणसामागे त्याच्या सहा-सात पट हे गणित कुठल्याही ध्येयाच्या भाषेत झाकता येत नाही. आणि सगळ्यांच्या बरोबरीने, घरातल्या सर्वांत खालच्या पायरीला निर्णयाचा आणि खर्चाचा अधिकार. हा शेवटचा मुद्दा न्यूयॉर्कला मागावा लागत नाही. तो दिल्लीत आणि मुंबईत द्यायचा आहे, आणि तो दिल्यावर बाकीच्या मागण्यांना जे बळ येईल ते कुठल्याही भाषणाने येणार नाही.

वाचकांना एक विनंती. गावाचा आराखडा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून पुढच्या काही महिन्यांत तयार होतो. त्या ग्रामसभेला जा. नऊपैकी कोणत्या संकल्पना निवडल्या, का निवडल्या, बंधित किती आणि अबंधित किती, मागच्या वर्षीचे खर्च न झालेले पैसे कुठे आहेत, हे उभे राहून विचारा. उत्तर मिळाले नाही तर ‘ई-ग्रामस्वराज’ या सरकारी संकेतस्थळावर पाहा. तिथे गावागावाचा आराखडा आणि खर्च कुणालाही बघता येतो.