पांच बोटांचा पियानो

पियानोच्या ८८ पट्ट्या दोन हातांसाठीं मांडलेल्या आहेत. उजव्या हातानें वरच्या सप्तकांतील चाल वाजवावी आणि डाव्यानें खालच्या स्वरांचा आधार द्यावा, अशी सर्वसाधारण वांटणी. यांतील उजवा हातच गेला तर वादकाची विद्या तेथेंच संपली, असें कोणीहि म्हणेल. श्रोतेहो, व्हिएन्ना येथील पॉल विट्गेन्स्टाइन यानें तें खोटें ठरविलें. मात्र त्याच्या जिद्दीची कथा ऐकतांना, तिच्यांत गुंतलेला स्वामित्वाचा प्रश्नहि आपण विसरतां कामा नये.

१८८७ सालीं एका अतिधनाढ्य पोलादी कारखानदाराच्या घरीं पॉलचा जन्म झाला. तत्त्ववेत्ता लुड्विग हा त्याचा धाकटा भाऊ. ब्राम्ससारख्या थोर रचनाकाराची त्या घरीं ये-जा असे. लेशेटिट्स्की या नामांकित गुरूजवळ अध्ययन करून पॉलनें १९१३ च्या डिसेंबरांत पहिली जाहीर मैफल केली. पुढच्याच वर्षीं महायुद्ध पेटलें. आघाडीवर कोंपराला गोळी लागली, उजवा हात कापावा लागला, आणि त्याच अवस्थेंत तो रशियनांचा कैदी झाला. सायबेरियांतील ओम्स्कच्या बंदिवासांत त्यानें डाव्या हातानेंच वादन करण्याचा निश्चय केला. त्याचे अंध गुरु योझेफ लाबोर यांनीं त्याच्यासाठीं एक रचना लिहिली; आणि कैद्यांच्या अदलाबदलींत सुटून आलेला पॉल १९१६ सालीं ती घेऊन पुन्हां रंगमंचावर आला.

एका हाताचें वादन दोन हातांसारखें कसें भासतें, हें समजण्यास आपल्या परिचयाची पेटी उपयोगीं पडेल. पेटीच्या पट्टीवरून बोट उचललें कीं स्वर थांबतो. पियानोचीहि एरवीं तीच रीत. बोट उचलतांच नमद्याची लहानशी गादी तारेवर बसते व नाद मिटविते. परंतु पायाखालची उजवी दांडी दाबली कीं सर्व गाद्या उचललेल्या राहतात आणि तार झंकारत राहते. वादक खर्जांतला स्वर छेडून पायानें तो राखतो, आणि तेवढ्या अवकाशांत त्याचा हात झेप घेऊन वरच्या सप्तकांत पोंचतो. दुसरी सोय निसर्गानेंच केलेली आहे. डाव्या हाताचा अंगठा उंच स्वरांच्या बाजूस येतो. मुख्य चाल या बळकट बोटानें उठवावी आणि उरलेल्या चारांनीं साथ करावी.

अशा हातासाठीं रचना मात्र थोड्याच होत्या. पॉलजवळ वडिलार्जित संपत्ति होती; त्यानें नामवंतांकडून त्या पैसे देऊन लिहवून घेतल्या. पियानो व वाद्यवृंद यांसाठीं राव्हेलनें लिहिलेली कॉन्चेर्टो ही रचना ५ जानेवारी १९३२ रोजीं व्हिएन्नांत प्रथम वाजली. पॉलनें तिच्यांत आपल्या मनाचे बदल केले आणि राव्हेल संतापला. हिंडेमिथची १९२३ मधील रचना पॉलनें वाजविलीच नाहीं. प्रोकोफिएव्हची १९३१ मधील रचना आपणांस समजत नाहीं म्हणून बाजूस ठेविली. १९३८ सालीं नाझी कायद्यांनीं त्याला वंशानें ज्यू ठरवून मैफली बंद केल्या, तेव्हां तो अमेरिकेस गेला. तेथेंहि बेंजामिन ब्रिटन या इंग्रज रचनाकाराकडून त्यानें नवी रचना मिळविली.

दुसऱ्या महायुद्धांत उजवा हात गमावलेला जर्मन वादक झीगफ्रीड राप्प यानें या रचना वाजविण्यासाठीं मागितल्या, तेव्हां पॉलनें नकार दिला. ज्या दुःखानें तो स्वतः पोळला होता, तेंच समोर उभें असतां त्याचें मन द्रवलें नाहीं. परंतु त्याचीहि बाजू आहे. इतर वादकांना बाखपासून शोपँपर्यंतचें सारें भांडार खुलें होतें. त्याचें भांडार एवढेंच, आणि तें त्यानें स्वतः उभारलेलें.

तरीहि संगीत कुलुपांत राहिलें नाहीं. प्रोकोफिएव्हची ती रचना १९५६ सालीं बर्लिनमध्यें राप्पनेंच प्रथम वाजविली. १९६१ सालीं पॉल निवर्तला. पुढें १९६४ च्या सुमारास अमेरिकन वादक लिऑन फ्लायशर याच्या उजव्या हाताचीं बोटें आखडलीं, आणि पॉलसाठीं लिहिलेल्या राव्हेलच्या रचनेचा त्याला आधार झाला. हिंडेमिथची न वाजविलेली रचना पॉलच्या कागदपत्रांत सांपडली, तेव्हां २००४ सालीं बर्लिनमध्यें फ्लायशरच्याच डाव्या हातानें ती जगाला प्रथम ऐकविली.