मायक्रोवेव्ह घेण्याआधी घरच्या कामाची यादी करा



लागणीचा हंगाम आला की आम्ही एकच गोष्ट सांगत आलो आहोत. आधी रान बघा, पाणी बघा, मग जात ठरवा. शेजाऱ्याच्या निचऱ्याच्या रानात को ८६०३२ चांगला साधला म्हणून आपल्या क्षारपड तुकड्यात तोच लावण्यात शहाणपण नाही. तिथे फुले २६५ जास्त तग धरतो. रानाचा हा नियम घरातल्या वस्तूंनाही लागू आहे. उसाचे बिल खात्यावर जमा झाले की तालुक्याच्या दुकानांतून गर्दी होते, आणि अलीकडे गटवार बैठकीत खताच्या डोसाबरोबर हाही प्रश्न निघतो, की मायक्रोवेव्ह घ्यावा का, आणि तो नको तर त्याऐवजी काय घ्यावे?

शेतकी खात्याने चुलीपाशी कशाला यायचे, असे कुणी म्हणेल. पण आपल्या घरी स्वयंपाकाचे वेळापत्रक शेतच ठरवते. ज्या फीडरला अजून रात्रीची पाळी आहे, तिथला माणूस रात्री एक-दोन वाजता पाणी पाजून घरी येतो. उसाला तोड आली की पहाटेच चहा लागतो. भांगलणीला माणसे असली की आठच्या आत डबे भरावे लागतात. या प्रत्येक वेळी घरातली बाई उठते, दिवा लावते आणि चूल किंवा गॅस पेटवते. वस्तू घ्यायची ती हा भार हलका व्हावा म्हणून. शोकेसला शोभा म्हणून घ्यायची असेल, तर हा लेख वाचण्याची गरज नाही.

मायक्रोवेव्ह काय करतो आणि काय करत नाही

हे यंत्र रडारच्या कामातून निघाले. १९४५ साली अमेरिकेतील रेथिऑन कंपनीचे पर्सी स्पेन्सर रडारच्या नळीजवळ काम करीत असताना त्यांच्या खिशातले चॉकलेट वितळले. तेथून शोध सुरू झाला, आणि घरातल्या ओट्यावर मावेल असा मायक्रोवेव्ह १९६७ साली अमेरिकेत बाजारात आला. त्यातील लहरी अन्नातल्या पाण्याच्या कणांना हलवतात आणि त्यातून उष्णता तयार होते. म्हणून भात, आमटी, दूध असे ओलसर पदार्थ त्यात झटपट गरम होतात.

अन्नात किरणे राहतात ही भीती मात्र खोटी आहे. यंत्र बंद झाले की लहरी बंद. दार नीट बसते आहे आणि काच-जाळी धड आहे, एवढे पाहिले की झाले. वीज फार खातो हेही तितकेसे खरे नाही. ८०० वॅटचा मायक्रोवेव्ह भिंतीतून साधारण १२०० वॅट ओढतो. तीन मिनिटे वाटी गरम केली तर ०.०६ युनिट जाते.

अडचण वेगळीच आहे. आपल्या घरची भांडी स्टीलची, पितळेची आणि ॲल्युमिनियमची. ती त्यात चालत नाहीत. काच किंवा चिनी मातीची भांडी वेगळी घ्यावी लागतात. साध्या मायक्रोवेव्हमध्ये भाकरी फुगत नाही, तिला पापुद्रा येत नाही. चपाती जरा जास्त ठेवली की चामड्यासारखी होते. खमंग फोडणीसाठी शेवटी गॅसच पेटवावा लागतो. तसं बघितलं तर आपल्या घरी त्याचे खरे काम एकच उरते, ते म्हणजे गार झालेले गरम करणे. शहरात नवरा-बायको दोघे नोकरीवरून येतात, फ्रिजमधला डबा काढतात, तिथे हे एक काम मोठे आहे. आपल्याकडे ते किती मोठे आहे, हे ज्याने त्याने मोजावे.

त्यासाठी आठ दिवस कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवा: काय शिजवले, कशाला जास्त वेळ लागला, किती वेळा अन्न पुन्हा गरम केले, आणि त्या वेळी वीज होती का. ही यादी घरच्या बाईने सांगावी, बाप्याने लिहावी. आता एकेक कामाला कोणती वस्तू लागते ते पाहू.

शिजवायचे काम: कुकर

डाळ, कडधान्य, बटाटा, मटण यांना कुकरसारखे दुसरे साधन नाही. झाकण बंद झाल्यावर आत हवेच्या नेहमीच्या दाबावर आणखी चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलो दाब चढतो, आणि पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळते. म्हणून वेळ वाचतो. घरात माणसे जास्त असतील तर एकच मोठा घेण्यापेक्षा एक ३ लिटरचा आणि एक ५ लिटरचा असे दोन असावेत. डाळ-भात आणि कडधान्य एकाच वेळी उरकते. आय.एस.आय. चिन्ह पाहूनच घ्यावा, २०२१ पासून ते सक्तीचे आहे. रबराची रिंग कडक झाली की लगेच बदलावी. सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला तर त्याच मापाचा नवा बसवावा, तिथे खिळा-बिळा ठोकू नये. चुलीच्या जाळावर कुकर ठेवणे टाळावे.

गरम ठेवायचे काम: भुशाची पेटी

रात्रीच्या पाण्यावरून येणाऱ्यासाठी सर्वात स्वस्त साधन हेच. एक लाकडी पेटी किंवा बांबूची पाटी घ्यावी. तळाशी आणि चारी बाजूंनी वीतभर जाडीचा कोरडा भुसा किंवा वाळलेले गवत दाबून भरावे, आतून जुन्या गोधडीचे अस्तर लावावे, वरून तसलीच जाड गादी झाकण म्हणून ठेवावी. भात ५ मिनिटे चांगला उकळला की झाकणासकट पातेले आत ठेवायचे. तासा-दीड तासात तो आपोआप शिजतो. भिजवलेली डाळ १०-१५ मिनिटे उकळून ठेवली तर दोन-तीन तासांत होते. पातेले जवळजवळ भरलेले हवे, अर्धे रिकामे असले की लवकर निवते. राजमा मात्र यात शिजवू नये, तो कुकरलाच लावावा.

एक पथ्य आहे. काढताना अन्नातून वाफ निघाली पाहिजे. ते नुसते कोमट झाले असेल तर खळखळून उकळून घ्यावे, आणि बराच वेळ कोमट राहिले असेल तर वाढू नये. कोमट भातात जंतू वाढतात आणि पोट बिघडते. रात्री दहाला ठेवलेली आमटी दोनला वाढायची असेल तर ही पेटी उपयोगी पडते. सकाळपर्यंत ठेवण्यासाठी ती नाही.

झटपट तापवायचे काम: केटली आणि इंडक्शन

पहाटेच्या चहाला १५०० वॅटची विजेची केटली एक लिटर पाणी चारेक मिनिटांत उकळते, सुमारे ०.१ युनिटमध्ये. इंडक्शन शेगडीवर दूध, भाजी, फोडणी सगळे होते आणि सुमारे ८५ टक्के उष्णता भांड्यात जाते. भांडे मात्र लोहचुंबक चिकटणारे हवे. दुकानात जाताना चुंबक खिशात न्यावा आणि घरच्या पातेल्यांना आधीच लावून बघावा. ॲल्युमिनियम आणि पितळेला तो चिकटत नाही, स्टीलच्याही पुष्कळ भांड्यांना नाही.

गॅस स्वस्त की वीज, याचा हिशेब सोपा आहे. १४.२ किलोच्या एका सिलिंडरमधून जेवढी उष्णता भांड्याला मिळते, तेवढी इंडक्शनवर मिळायला साधारण १२५ ते १४५ युनिट लागतात. आपल्या बिलातला युनिटचा दर घ्या, गुणाकार करा आणि सिलिंडरच्या किमतीशी ताडून बघा. वीज जाणाऱ्या गावात गॅस काढून टाकू नये. इंडक्शन हा जोडीदार समजावा.

भाजायचे काम: ओव्हन

केक, नानकटाई, पाव यांसाठी तारेवर तापणारा साधा विजेचा ओव्हन लागतो. हल्लीचा एअर फ्रायर म्हणजे पंखा बसवलेला लहान ओव्हनच. कमी तेलात कुरकुरीत होते, पण एका वेळी दोघा-तिघांपुरतेच. वर्षातून चार वेळा केक करायचा असेल तर जाड बुडाच्या पातेल्यात वाळू तापवून त्यावर डबा ठेवण्याची जुनी रीत पुरेशी आहे. बचत गटाने बेकरीचा जोडधंदा काढायचा असेल तर मात्र ओव्हनला पैसे घालावेत.

उन्हाचे आणि शेणाचे इंधन

पेटीची सूर्यचूल आपल्याकडे पावसाळा सोडून चांगली चालते. सकाळी नऊ-दहाला डाळ-तांदूळ लावून रानात गेले की दुपारी जेवण तयार. करपत नाही, ढवळावे लागत नाही. उन्हावर मोठा स्वयंपाकही होतो. २००९ साली शिर्डीच्या प्रसादालयासाठी ७३ तबकड्यांची यंत्रणा बसवली होती, ती उन्हावर वाफ तयार करून त्या वाफेवर अन्न शिजवण्यासाठीच.

ज्याच्या दावणीला चार-पाच मोठी जनावरे आहेत, त्याने मायक्रोवेव्हच्या आधी गोबरगॅसचा विचार करावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. २५ किलो ताज्या शेणापासून सुमारे १ घनमीटर गॅस मिळतो, आणि १ घनमीटर गॅस म्हणजे जवळपास ०.४३ किलो सिलिंडरचा गॅस. ५० किलो शेणावर २ घनमीटरचा संच पाच-सहा माणसांचा स्वयंपाक करतो. थंडीत गॅस थोडा कमी येतो. शेगडी गोबरगॅसची वेगळी घ्यावी लागते. शिवाय मळी उसाला उत्तम खत आहे. शेणातले नत्र त्यात टिकून राहते. मायक्रोवेव्ह रानाला काही देत नाही!

पाचटाचाही उपयोग झाला आहे. पुण्याच्या 'आरती' संस्थेने उसाच्या पाचटापासून कोळशाच्या कांड्या तयार करण्याची पद्धत बसवली आणि २००२ साली तिला लंडनचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. त्यांच्या सराई कुकरमध्ये सुमारे १०० ग्रॅम कांड्यांवर चार-पाच माणसांचे जेवण वाफेवर शिजते. पण पाचटावर पहिला हक्क रानाचा. खोडव्यात पाचट सरीत दाबून कुजवावे. रस्त्याकडेला आणि बांधाला जे वाया जाते, तेवढेच कोळशाला घ्यावे. आणि पेटवून तर कोणीच देऊ नये.

वायरिंग आधी, वस्तू नंतर

२००० वॅटची शेगडी जवळजवळ ९ अँपिअर ओढते. जुन्या ५ अँपिअरच्या पिनेवर ती लावली की वायर तापते आणि प्लग वितळतो. स्वयंपाकघरात १५ किंवा १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट, जाड वायर आणि खरीखुरी अर्थिंग ही पहिली खरेदी. केटली, ओव्हन आणि इंडक्शन एका बोर्डावर एकदम लावू नयेत.

हप्त्यावर घेताना एकूण किती भरावे लागणार ते कागदावर मांडा. दुरुस्ती तालुक्याला होते का, हेही विचारा. आणि दुकानात जाताना ज्या बाईला ती वस्तू रोज वापरायची आहे, तिला बरोबर न्या. उसाची जात निवडताना आपण कसणाऱ्याचे मत घेतो. इथे कसणारी तीच आहे. तिच्या यादीत पुन्हा गरम करण्याचे काम सर्वात वर आले, घरी काचेची भांडी आहेत आणि वीज टिकते, तर मायक्रोवेव्ह खुशाल घ्यावा. यादीत डाळ, पहाटेचा चहा आणि रात्रीचे जेवण वर आले, तर एक कुकर, एक केटली आणि भुशाची पेटी एवढ्यात काम भागते, आणि उरलेले पैसे वायरिंगला किंवा गोबरगॅसला लागतात.

गोबरगॅसच्या अनुदानाची चौकशी पंचायत समितीच्या कृषी विभागात करावी. मळी उसाला कधी आणि किती द्यायची, ते आमच्या गट कार्यालयात येऊन विचारावे. येताना माती परीक्षणाचा कागद बरोबर आणावा.