जिन्याच्या कोपऱ्यात तथागत नकोत

मातीच्या टाईल्स करायला कारखाना लागत नाही. आम्ही चौघी मैत्रिणी दर रविवारी दुपारी माझ्या दहा बाय बाराच्या खोलीत बसतो. गाळलेल्या मातीत भाजलेल्या विटेची बारीक पूड मळायची, गोणपाटावर दोन्ही बाजूंना सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवायच्या आणि लाटण्याने लाटायचे. चपात्या लाटलेल्या हाताला ते वेगळे शिकवावे लागत नाही. टाईल साडेसहा इंची कापावी. सुकून-भाजून ती सहाच्या आसपास भरते.

पहिला घाणा आम्ही घाईघाईने पत्र्यावर उन्हात वाळवला. सगळ्या टाईल्सचे कान वर! तेव्हापासून सावलीत, दोन फळ्यांमध्ये, रोज उलटून, आठ-दहा दिवस वाळवतो. मग ओळखीच्या एका विजेच्या भट्टीत पहिली भाजणी, त्यावर रंग, चकाकीचा लेप आणि पुन्हा भाजणी. लेप शिसे नसलेलाच घ्यावा. सुकलेली माती झाडूने झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी. ती धूळ फुप्फुसात बसते. रंगांत मला कोबाल्ट आवडतो. लावताना काळाकुट्ट दिसतो, भट्टीतून निघतो तो आपला निळा!

गेल्या पावसाळ्यात एका कंत्राटदाराने साठ टाईल्स सांगितल्या. इमारतीच्या जिन्यात लोक पान खाऊन पिंका टाकतात, म्हणून कोपऱ्याकोपऱ्यात देवदेवता आणि क्रूस लावायचे. "त्यात तुमचे बुद्ध आणि बाबासाहेबही काढा," तो म्हणाला.

त्या रात्री अकरापर्यंत आमचा वाद झाला. एकीच्या मालकांची नोकरी सुटली होती. ती म्हणाली, "आपण नाही केल्या तर तो बाजारातून आणील. माझ्या पोरांची फी कोण भरणार?" तिचे चूक होते असे मी आजही म्हणणार नाही. पण तथागतांना पिंका राखायला बसवायचे? ज्यांनी भीती घालून नव्हे, समजावून सांगून माणूस बदलला, त्यांचा फोटो भीतीपोटी लावायचा? आणि जिन्यातली ती पिंक शेवटी कुणाचे हात पुसतात, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

"मग बुद्ध टाईलवर काढायचाच नाही का?" तिने विचारले. काढायचा की! बांगलादेशातील पहाडपूरचा सोमपूर महाविहार आठव्या शतकातला. त्याच्या भिंतींत भाजलेल्या मातीचे दोन हजारांहून अधिक फलक आहेत. माणसे, प्राणी, रोजचे जगणे त्यांवर आहे. ते विहाराची शोभा म्हणून बसवले, थुंकणाऱ्याला धाक म्हणून नव्हे.

आम्ही कंत्राटदाराला मजल्यांचे आकडे, घरांच्या पाट्या आणि "येथे थुंकू नये" अशा टाईल्स देऊ केल्या. त्याने पंचवीसच घेतल्या. पैसे निम्म्याहून कमी झाले. त्यातला मोठा वाटा आम्ही तिला दिला, तरी दोन रविवार ती आली नाही.

तिसऱ्या रविवारी स्वतःचे लाटणे घेऊन आली. झाल्या गोष्टीबद्दल कुणीच काही बोलले नाही.

सध्या वस्तीतल्या विहाराच्या ओट्यासाठी धम्मचक्र काढतो आहोत. चोवीस आरे, दोन आऱ्यांत पंधरा अंश. कंपास पोराच्या दप्तरातला. मागच्या खेपेला माझे तेवीसच भरले, आणि ते तिनेच मोजून दाखवले.