दिघाशीत जीपीएस उणे उंची का दाखवतं?

भिवंडी तालुक्यातल्या आमच्या दिघाशीच्या भातखाचरात उभं राहून जीपीएसची कच्ची, दुरुस्ती न केलेली उंची बघा. आकडा उणे येतो! यंत्र बिघडलेलं नसतं. जीपीएस उंची मोजतं ती पृथ्वीच्या गणिती, गुळगुळीत लंबगोलापासून. मुंबई-ठाण्याकडे खरी समुद्रसपाटी या लंबगोलाच्या 60 मीटरहून जास्त खाली आहे, कारण गुरुत्वाकर्षण सगळीकडे सारखं नाही. श्रीलंकेच्या दक्षिणेला तर ती तब्बल 106 मीटर खाली जाते. जगातला सर्वांत मोठा असा खळगा आपल्याच हिंदी महासागरात!

हे सगळं नेमकेपणाने कळलं ते मुख्यतः उपग्रहांचा माग काढून. 1958 च्या व्हॅनगार्ड-1 उपग्रहाच्या कक्षेतल्या बारीक बदलांवरून पृथ्वी किंचित पेरूच्या आकाराची असल्याचं दिसलं. मला सर्वांत भारी वाटते ती गुरुत्वाकर्षण मोजणारी 2002 ची ग्रेस मोहीम. दोन जुळे उपग्रह, एकामागे एक, मध्ये सुमारे 220 किलोमीटर. पुढचा जास्त वस्तुमानाच्या भागाजवळ आला की आधी ओढला जायचा आणि अंतर वाढायचं. हा फरक केसाच्या जाडीपेक्षाही बारीक मोजला जायचा! वायव्य भारतातलं भूजल घटतंय, हेही त्यातूनच दिसलं.

दोन उंचींत इतका फरक पडतो, म्हणून जमिनीची डीजीपीएस (जास्त अचूक जीपीएस) किंवा ड्रोन मोजणी करून घेताना एक विचाराच : उंची लंबगोलापासूनची की समुद्रसपाटीपासूनची?