प्रत्यारोपित मूत्रपिंड : साधा तापही अंगावर काढू नका

मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर सर्वाधिक आढळणारा जिवाणूसंसर्ग मूत्रमार्गाचा असतो. शरीराने नवे मूत्रपिंड नाकारू नये म्हणून दिलेली औषधे प्रतिकारशक्तीही क्षीण करतात. त्यात लघवीची नळी व स्टेंट जंतूंना वाट करून देतात. बहुतेकदा कारण ठरतो ई. कोलाय हा आतड्यातलाच जिवाणू. ओटीपोटात बसवलेल्या या मूत्रपिंडाचे मज्जातंतू जोडले जात नाहीत. त्यामुळे ते दुखेलच असे नाही. कधी केवळ ताप हीच खूण असते. अशा वेळी दुकानातून परस्पर गोळ्या आणण्याची आपली जुनी सवय महागात पडते. क्लॅरिथ्रोमायसिनसारख्या प्रतिजैविकाने टॅक्रोलिमसचे रक्तातील प्रमाण वाढून मूत्रपिंडालाच इजा होऊ शकते. ताप येताच प्रत्यारोपण केंद्राशी संपर्क साधावा. प्रतिजैविकाआधी लघवीचे कल्चर करून घ्यावे.