बेघरांच्या हातची भाजी

अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर सँटा क्रूझ नावाचं शहर आहे. घरभाडी अशी की नोकरी करणाऱ्यालाही छप्पर परवडू नये. तिथे 1990 साली ‘होमलेस गार्डन प्रोजेक्ट’ सुरू झाला. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक पॉल ली हे त्यामागच्या प्रमुख लोकांपैकी एक.

या प्रकल्पाच्या शेताला आधार आहे तो सभासदांचा. शहरातली कुटुंबं हंगामाच्या तोंडावरच पैसे भरतात आणि मग पीक निघेल तसा दर आठवड्याला भाजीचा वाटा घरी नेतात. अमेरिकेत ही पद्धत 1986 च्या सुमारास रुजली. बियाणं, मजुरी यांसाठी पैसा वेळेवर हाती येतो. पीक बुडालं तर तोटा एकट्या शेतकऱ्याच्या डोक्यावर बसत नाही, सभासदही तो सोसतात.

सँटा क्रूझमध्ये या शेतात राबतात ती बेघर माणसं, आणि त्यांना रीतसर मजुरी मिळते. मला हीच बाब सर्वांत मोलाची वाटते. फुकटचं जेवण त्या दिवसाची भूक भागवतं. पगाराची पावती आणि कामाचा अनुभव घेऊन मात्र माणूस पुढची नोकरी मागायला जाऊ शकतो. प्रशिक्षण साधारण वर्षभराचं असतं. सेंद्रिय शेतीबरोबरच नोकरी आणि घर शोधायलाही मदत होते, कारण रात्री झोपायला जागा नसेल तर सकाळी वेळेवर कामावर पोचणं फार कठीण. शेतात फुलंही पिकतात. ती वाळवून केलेल्या वस्तू संस्थेच्या दुकानात विकल्या जातात.