पूर, कोरड आणि गाळातील सूक्ष्मजीव

नदीकाठचा गाळ पुरात बुडाला की त्याच्या कणांमधली हवा निघून जाते, उरलेला प्राणवायू जिवाणू लवकरच संपवतात आणि मग नायट्रेट, लोह व सल्फेट यांच्या आधारे श्वसन करणारे विनॉक्सी, म्हणजे प्राणवायूविना जगणारे, जिवाणू प्रबळ होतात. त्यामुळे तांबूस गाळ करडा पडतो. पाणी ओसरून गाळ भेगाळला की काही जिवाणू बीजाणू, म्हणजे टणक कवचाचे सुप्त रूप, धारण करून तग धरतात. कोरड्या मातीला पुन्हा ओल मिळताच कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन एकदम वाढते. या घटनेला, १९५८ मध्ये पूर्व आफ्रिकेतील मातीवरील संशोधन प्रसिद्ध करणाऱ्या एच. एफ. बर्च यांच्यावरून, ‘बर्च परिणाम’ म्हणतात. नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून पाणी शुद्ध करणारे जिवाणूही याच गाळात असल्याने नदीकाठ सिमेंटखाली गाडणे घातक ठरते.